बाबांच्या घड्याळाची चोरी

“मॅडम, तुमच्या कादंबरीतली माणसं तुम्ही चोरता का?”

हा प्रश्न माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. तो लेटिस बेनबोचा होता. पण विचारायची हिंमत वर्गात एकीचीही नव्हती, म्हणून शेवटच्या बाकावरून फिरत फिरत तो माझ्या गळ्यात पडला. पैज अशी की बक्षीस समारंभात, सगळ्यांच्या देखत, मी पाहुण्या म्हणून येणाऱ्या गॅरवेबाईंना हे विचारलं तर लेटिस माझ्या सहाच्या सहा रुमालांच्या कडा शिवून देईल. मला शिवणाचा इतका कंटाळा आहे की सहा रुमालांसाठी मी खुद्द बिशपसाहेबांनाही काहीही विचारलं असतं.

आणि प्रश्न अगदीच वेडगळ होता असंही नाही. गॅरवेबाई लंडन सोडून आमच्या लडलोत राहायला आल्या त्याला दीड वर्ष झालं होतं. त्यांची कादंबरी दर महिन्याच्या एक तारखेला, निळसर वेष्टनात, अठ्ठेचाळीस पानांचा एकेक भाग अशी निघत होती. मार्चच्या भागात एक टोपीवाल्या बाई आल्या. त्या तोंडात टाचण्या धरूनच बोलायच्या, आणि कुणाची निंदा करायची असली की तेवढ्यापुरत्या टाचण्या काढून हातात घ्यायच्या. लडलोत हे वाचून ज्यांना कुणाची आठवण झाली नसेल त्यांनी आयुष्यात एकदाही टोपी विकत घेतलेली नसणार.

मी उभी राहिले आणि विचारलं. सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती (टाचण्याच डोक्यात बसल्यात माझ्या). आमच्या मुख्याध्यापिका पार्टनबाई बिटासारख्या लाल झाल्या. गॅरवेबाई उंच, हडकुळ्या, आणि उजव्या हाताचं मधलं बोट शाईने कायमचं काळं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “चोरते. पण अख्खा माणूस कधीच नाही. फार जड असतो. शनिवारी घरी ये, दाखवते.”

त्या दिवसापर्यंत मी, केझाया प्रोथेरो, वाचायला उठवलं की आवाज घशातच ठेवून बसणारी मुलगी होते. त्या दिवशी ब्रॉड स्ट्रीटवरून घरी गेले ती जणू मलाच नगराध्यक्ष केलंय अशी. लेटिसने मुकाट्याने रुमाल नेले.

शनिवारी गॅरवेबाईंनी मला त्यांचा चोरीचा माल दाखवला. तो होता सुऱ्या-काट्यांच्या खणात. सुऱ्या कुठे ठेवत असतील देव जाणे. खण चिठ्ठ्यांनी भरलेला, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकच ओळ. एक म्हातारा बोलताना समोरच्याच्या कोटाचं बटण धरून ठेवतो. एक बाई हसायच्या आधी दाराकडे बघते. एक वकील स्वतःचा निरोप घ्यावा तसा टोपीला हात लावून आरशासमोरून निघतो. मी वाचत सुटले. प्रत्येक चिठ्ठी वाचली की समोर कुणीतरी येऊन उभंच राहायचं.

त्यांनी सांगितलं ते मला अजून तोंडपाठ आहे. वाचक त्यांना महिनाभर विसरलेला असतो. त्याचं पोर आजारी पडतं, कोळसा संपतो, सासू राहायला येते. मग एक तारखेला त्यांची वीस माणसं पुन्हा त्याच्या दारात येऊन उभी राहतात. कोण कुठला हे आठवायला त्याला वेळ नसतो. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर एक खूण हवी, दार उघडताक्षणी पटणारी. टाचण्या दिसल्या की टोपीवाल्या बाई आल्या, संपलं.

“मग खूण मिळाली की माणूस तयार?” मी विचारलं. आता मला प्रश्न विचारायची चटकच लागली होती.

“खूण ही नुसती खुंटी,” त्या म्हणाल्या. “तिच्यावर कारण टांगावं लागतं. हा माणूस असं का करतो? ते कळलं तर माणूस होतो. नाहीतर माकड.”

मग त्यांनी दुसरं एक कोरं चिटोरं पुढे ओढलं. मेच्या भागात त्यांना एक औषधवाला आणायचा होता, मिस्टर स्क्रॅम नावाचा, आणि त्याला अजून खूण सापडली नव्हती. माझ्याकडे आहे का एखादी, असं त्यांनी विचारलं. मला. एका खऱ्या लेखिकेने.

मी डोळ्याची पापणी लवायच्या आत उभी राहिले आणि करूनच दाखवलं. माझ्या बाबांचं औषधांचं दुकान आहे. बाबांना काहीही विचारा, ते आधी कोटाखालच्या खिशातून घड्याळ काढतात, कानाशी धरतात, डोळे मिटून ऐकतात, घड्याळ परत खिशात ठेवतात आणि मगच उत्तर देतात. खोकल्याचं औषध विचारा, घड्याळ. पाऊस पडेल का विचारा, घड्याळ. आई रोज विचारते, अहो, अजून चहा घालू का, त्यालाही घड्याळ. चहा तोवर निवतो.

गॅरवेबाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. तुझे वडीलच ना, त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते असं का करतात?

“काय माहीत. सवय.”

“कधी विचारलं नाहीस?”

“बाबांना कोण काय विचारणार?”

त्यांनी टाक उचलला. “मग कारण मला घालावं लागेल. वापरू ना? विचार करून सांग.”

“वापरा की,” मी म्हटलं. विचार केला नाही. मला वाटलं, आमच्या घरातलं काहीतरी छापून येणार. निघताना दारात त्यांनी सहज सांगितलं की स्क्रॅम हा दोन महिन्यांनी एका विधवेवर विषप्रयोग करणार आहे.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते विचारू नका. कारण आमच्या घरची रीत अशी: एक तारखेला शाळेतून येताना पुस्तकांच्या दुकानातून नवा भाग मी आणायचा. संध्याकाळी चहा झाला की हाडाच्या सुरीने बाबा जोडून आलेल्या पानांच्या घड्या कापणार आणि मोठ्याने वाचणार. एकही ओळ न गाळता. बाबा एरवी मोजकं बोलतात, पण वाचायला बसले की त्यांच्यातून धर्मोपदेशक, चोर, म्हातारी, कुत्रा, सगळे बाहेर येतात. महिन्याचा तो एक तास बाबा बाबांसारखे नसतात. आणि आता त्याच तासात, त्याच आवाजात, त्यांना स्वतःलाच वाचून दाखवायचं होतं: पुढे विष देणार असलेला माणूस म्हणून. ते घड्याळ घरातून कुणी नेलं हे कळायला त्यांना दुसरं पान उलटावं लागलं नसतं.

एक मे उजाडला. मी भाग आणला, वर खोलीत नेला, केसातल्या पिनेने घडी फाडली आणि उभ्या उभ्या वाचला. स्क्रॅम बेचाळीस आणि त्रेचाळीस या समोरासमोरच्या पानांवर होता. पूर्ण. घड्याळासकट. गॅरवेबाईंनी एक रेघसुद्धा वाया घालवली नव्हती.

आता माझी अक्कल ऐका. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा डिंक मी दुकानाच्या मागच्या फळीवरून आणला, ती दोन पानं आतून माखली, एकमेकांवर दाबली आणि आईची इस्त्री जरा कोमट करून वरून फिरवली. झकास बसली. एकेचाळीसनंतर थेट चव्वेचाळीस. मला वाटलं, मी खरंच हुशार आहे.

संध्याकाळी चहा, पावाचे लोणी लावलेले काप, शहाजिऱ्याचा केक. बाबांनी सुरी घेतली, घसा खाकरला आणि सुरू केलं. एकेचाळिसाव्या पानाच्या तळाशी आले तेव्हा विधवा औषधवाल्याच्या दुकानात शिरली होती आणि बाबांचा आवाज हळू झाला होता.

“मिस्टर स्क्रॅमने खिशात हात घातला आणि,” बाबांनी पान उलटलं, “दोन्ही गाई कुंपण ओलांडून पळाल्या.”

आईने शिवण खाली ठेवलं. ती म्हणाली, कुठल्या गाई? आत्ता तर दुकानात होते.

बाबांनी पान मागे घेतलं, पुढे केलं. मग अंगठा आणि बोट यांत धरून चोळलं. जन्मभर पुड्या बांधलेला अंगठा तो. पान जाड आहे, ते म्हणाले. मग त्यांनी भाग नाकाशी नेला, आणि मी केककडे बघायला लागले.

“लवंग,” बाबा म्हणाले.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डिंकाला बुरशी येऊ नये म्हणून बाबा त्यात लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घालतात. अशी युक्ती अख्ख्या श्रॉपशरमध्ये आणखी कुणी करत नाही, असं ते अभिमानाने सांगतातही. मी स्वतःच्या चोरीवर आमच्याच दुकानाची चिठ्ठी चिकटवली होती.

बाबांनी आईकडून किटली मागितली, वाफेवर पान धरलं आणि पोळलेल्या हातावरची पट्टी सोडवावी तसं अलगद, जरासुद्धा न फाडता, उघडलं. मला पळता आलं असतं. मी केकचा चुरा करत बसले.

मग त्यांनी वाचलं. रीत म्हणजे रीत, ओळ गाळायची नाही. “मिस्टर स्क्रॅमने खिशात हात घातला आणि घड्याळ काढलं, कानाशी धरलं, डोळे मिटले. उत्तराची वाट पाहून विधवेच्या ओठांवरचा रंग उडेपर्यंत तो ऐकत राहिला. माणूस किती वेळ तग धरतो हे मोजायचा त्याला नाद होता.” असं दीड पान. बाबांनी स्क्रॅमचा आवाजही काढला, घोगरा. पण शेवटाकडे तो आवाज त्यांचा स्वतःचाच झाला होता.

त्यांनी सुरी खूण म्हणून पानांत ठेवली. आई माझ्याकडे बघत होती. बाबांचा हात सवयीने खिशाकडे निघाला. आणि अर्ध्यावरच थांबला. मग तो त्यांनी परत गुडघ्यावर ठेवला.

त्यांनी मला बदडलं असतं तरी चाललं असतं. तो अर्ध्यावर थांबलेला हात मात्र मला बघवेना. त्यांच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून बाबांना स्वतःचं घड्याळ काढता येत नव्हतं. एवढंसं चिटोरं ते, पण मी घड्याळच नेलं होतं.

मी रडत रडत सगळं सांगितलं. पैज, रुमाल, खण, नक्कल, वापरा की, डिंक, इस्त्री. आईने “कार्टे” म्हटलं, लगेच बाबांना म्हणाली, अहो, लहान आहे ती, आणि लगेच मला पुन्हा “कार्टे.”

बाबांनी वाफेने वाकलेलं पान बोटाने सरळ केलं. मग म्हणाले, “लिहिलंय मात्र चांगलं. फक्त कारण चुकलं. मी लोकांना छळायला नाही ते करत, केझी.”

आता पुढचा प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता, त्यावर पैजही नव्हती, आणि बक्षीस समारंभापेक्षा दहापट जास्त हिंमत त्याला लागली.

“मग का करता, बाबा?”

बाबांनी सांगितलं ते असं. सतरा वर्षांचे असताना ते हेरफर्डला एका दुकानात शिकत होते. बाजाराचा दिवस, गर्दी. एका बाईने अफूचा अर्क घेतला आणि खोकल्याला किती थेंब द्यायचे म्हणून विचारलं. बाबा ताजव्यात काहीतरी तोलत होते. मान वर न करता म्हणाले, वीस. बाई गेली. मग त्यांनी मान वर केली, तर समोरच्या फळीवर लोकरीचा एक इवलासा मोजा पडला होता, अंगठ्याएवढा. खोकला बाईला नव्हता. मोठ्या माणसाला वीस थेंब ठीक, पण ज्याच्या पायाला तो मोजा बसतो त्याला वीस म्हणजे संपलंच.

बाबा तसेच एप्रनवर धावले. मोजा हातात धरून, वाय नदीच्या पुलावरून, समोर येईल त्याला मूल घेतलेली बाई पाहिली का असं विचारत. चौथ्या गल्लीत ती सापडली. स्वयंपाकघराचं दार उघडं, पोर मांडीवर, चमचा भरलेला. बाबांच्या तोंडून शब्द फुटेना इतका दम लागला होता. त्यांनी चमचा नुसता उडवला.

“ते पोर?” आईचा हात तोंडावर.

“चाकं बनवतं आता. लग्न झालंय. टक्कल पडलंय.”

त्या दिवसापासून बाबांनी ठरवलं की विचारलेल्या गोष्टीचं उत्तर द्यायच्या आधी दहा वेळा टिकटिक ऐकायची. तेवढ्यात डोळ्यांपुढे आणायचं, विचारणारा कोण आहे, कुणासाठी विचारतोय. दहा पुरतात, ते म्हणाले. आजवर पुरल्यात.

मग आई म्हणाली, “आणि चहाला?”

“सवयीला दुकान कुठलं आणि घर कुठलं हे कळत नाही गं.”

“अठरा वर्षं,” आई म्हणाली, “अठरा वर्षं मला वाटतंय की तुम्हाला माझा चहा आवडत नाही आणि नको कसं म्हणायचं याचा विचार करताय.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ते हसले. महिन्याच्या त्या एका तासातलं उसनं हसू नव्हे, स्वतःचं. आई हसली. मी तर रडतच होते, त्यातच हसायला लागले, आणि नाकातून शहाजिरं आलं. छातीवर तीन आठवडे कुणीतरी इस्त्री ठेवली होती ती उचलल्यासारखी झाली. बाबांनी घड्याळ काढलं. पण या वेळी माझ्या कानाशी धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून दहा मोजले. मग बाबा म्हणाले, चला, त्या गाईंचं काय झालं ते बघू.

सोमवारी मी जीव मुठीत धरून शाळेत गेले. लेटिस फाटकातच उभी. तिने मला कोपऱ्यात ओढलं आणि सांगितलं, स्क्रॅम कोण ते कळलं: गणिताचे मास्तर. ते नाही का उत्तर देण्याआधी छताकडे बघतात? दुसरी म्हणाली, छे, माझे काका. पार्टनबाईंना तर तो आपला जुना घरमालकच आहे याची खात्री होती. बाबांचं नाव एकीनेही घेतलं नाही. दुकानात तर गावातल्या खऱ्या टोपीवाल्या बाई स्वतः येऊन सांगून गेल्या की हा स्क्रॅम म्हणजे हुबेहूब त्यांचे मेहुणे, आणि मार्चमधल्या त्या टाचण्यावाल्या बाई कोण असतील बरं, त्यांना काही केल्या सुचत नाही. हे त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून सांगितलं.

दोन आठवड्यांनी गॅरवेबाईंची चिठ्ठी आली. स्क्रॅम लोकांना फार आवडलाय, पत्रांवर पत्रं येताहेत. पण नुसता दुष्ट ठेवला तर तो पुढच्या भागांत फिका पडेल. घड्याळामागचं खरं कारण कळलं का कधी? कळलं असेल तर शनिवारी ये.

मी गेले. खोटं कशाला बोलू, जाताना माझ्या मनात सांगायचंच होतं. त्या मोज्यासकट, पुलासकट. ते ऐकून त्यांचा चेहरा कसा होईल हे मी वाटेत तीनदा मनात पाहिलं. त्यातून त्या जो माणूस उभा करतील तो मला करता येणार नाही हेही ठाऊक होतं. त्यांनी खण उघडला, चिटोरं घेतलं, दौतीत टाक बुडवला आणि विचारलं, “मग? का करतात?”

भिंतीवर एक घड्याळ होतं. मी दहा मोजले. गॅरवेबाई टाक तसाच धरून बसल्या होत्या. शाईचा एक थेंब चिटोऱ्यावर पडला.

“माहीत आहे,” मी म्हटलं. “पण देणार नाही, मॅडम. ते माझ्याकडे राहू दे.”

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी टाक पुसला, आणि माझ्याकडे त्या बक्षीस समारंभात पाहिलं होतं तसं पाहिलं. मग ते डाग पडलेलं चिटोरं घडी करून माझ्या हातात ठेवलं आणि खण बंद केला.

घरी पोचले तेव्हा चहा मांडला होता. आई किटली घेऊन उभी होती आणि बाबांना विचारत होती, अहो, अजून घालू का? हल्ली ती विचारते आणि स्वतःच ओठ हलवत दहा मोजते. बाबा हो म्हणाले. ते घड्याळ खिशात ठेवणार, तेवढ्यात मी हात पुढे केला.

“बाबा, जरा इकडे द्या ते.”

मी घड्याळ कानाशी धरलं आणि डोळे मिटले. आई म्हणाली, झालं, आता हीसुद्धा. मी हसू दाबलं आणि दहा पूर्ण केले.

“मी ठरवलंय,” मी म्हटलं. “मी पुस्तक लिहिणार आहे. त्यात एक औषधवाला असेल, आणि तो पुलावरून धावेल. वेष्टनावर माझं नाव असेल, पूर्ण. आणि छापायला जायच्या आधी ते तुम्ही वाचायचं, बाबा, मोठ्याने, एकही ओळ न गाळता. तुम्ही नको म्हणालात तर ते पान मी स्वतः चिकटवीन.”